घरी राहिलेल्या बाईचाही हिशोब

मी जेऊरला शाळेत गणित शिकवते. परवा हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींनी विचारलं, “बाई, आमची पोर स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झाली. आता कॅन्सरच्या संशोधनात नोकरी म्हणते. ही तिथं काय करणार? इंजेक्शन देणार का?”

मैत्रिणींनो, प्रश्न रास्तच आहे. आणि त्याचं उत्तर आपल्या अगदी जवळ आहे, बार्शीला.

बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात एक मोठा अभ्यास केला. विषय होता गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका! गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं. चौथ्यात तपासणीची मोहीमच नाही.

गावंच्या गावं का वाटली? एकाच घरातल्या सासूला बोलावलं आणि जावेला नाही, तर काय होईल हे आपल्याला कुणी सांगायला नको! पण एका गावातल्या बायका बऱ्याच बाबतीत सारख्या असतात, त्यामुळे हिशोब अवघड होतो. किती बायका हव्यात, वाटणी कशी करायची, हे आधीच ठरवावं लागतं. ते काम संख्याशास्त्रज्ञाचं.

तपासणीला सुमारे ८० टक्के बायका आल्या. बाकीच्या आल्या नाहीत. लाज, शेतातली कामं, घरच्यांची परवानगी, कारणं काय कमी असतात? मला सगळ्यात आवडलं ते हे, की या न आलेल्या बायकाही त्यांच्याच भागात मोजल्या गेल्या. त्यांना वगळलं असतं तर निकाल उगाच देखणा दिसला असता. गावात मोहीम नेली तर खरोखर काय होतं, ते त्यांना धरूनच कळतं.

आठ वर्षांनी आकडे आले. एचपीव्हीच्या भागात १२७ जणींना कॅन्सर निघाला, तपासणी नसलेल्या भागात ११८ जणींना. म्हणजे तपासणी फुकट गेली? मीही क्षणभर चरकले. पण संख्याशास्त्रज्ञ पुढचं विचारतो: कुठल्या टप्प्यावर निघाला? दुसऱ्या टप्प्याचा किंवा त्यापुढचा कॅन्सर पहिल्या भागात ३९ जणींना होता, दुसऱ्या भागात ८२ जणींना. मृत्यू ३४ आणि ६४. दोन्ही भागांतल्या बायका साधारण सारख्याच, ३४ हजार आणि ३१ हजार. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकीच्या दोन तपासण्यांत असा ठाम फरक दिसला नाही. २००९ साली हे छापून आलं, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही पहिली पसंती एचपीव्ही तपासणीलाच दिली.

वहिनींना एवढं सांगितलं, तर त्या पटकन म्हणाल्या, “आणि त्या चौसष्ट जणी?”

त्यावर वाद झाला आहे. तपासणी न देता एक भाग ठेवणं योग्य होतं का, असं परदेशातल्या काही डॉक्टरांनीही विचारलं. तेव्हा खेड्यातल्या बायकांना अशी तपासणी सहसा मिळत नव्हती, हे खरं. तरी मला वहिनींचा प्रश्न खोडता आला नाही. त्यांच्या पोरीला नोकरीत तोही रोज पडणार आहे.