लोच माशांसाठी 'नदी-मत्स्यटाकी' : प्रवाहाचे शास्त्र आणि प्रयोगशाळेतील रचना

सारांश :
नदीच्या वाहत्या पाण्यात राहणारे लोच मासे साध्या काचटाकीत फार काळ जगत नाहीत. याचे कारण टाकीचा लहान आकार नसून पाण्याचे स्थिरत्व हे आहे. एका दिशेने वाहणारा प्रवाह निर्माण करणारी टाकी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत कशी उभारावी आणि ती उभारण्यापूर्वी कोणता विचार करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : लोच मासे, प्रवाह, विरघळलेला प्राणवायू, पश्चिम घाट, नदी-मत्स्यटाकी.

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यामुळे जिवंत प्राण्याच्या निरीक्षणाला अध्यापनात अधिक महत्त्व आले. प्राण्याची शरीररचना व त्याचा अधिवास यांचे नाते दाखविण्यासाठी लोच माशांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. परंतु हेच मासे प्रयोगशाळेत आणल्यावर थोड्याच दिवसांत मरू लागतात, असा अनुभव येतो. 'मासे नाजूक होते' असे म्हणून हा प्रश्न सोडून देणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य नाही.

लोच माशांचा अधिवास :
लोच हे नाव अनेक कुळांतील तळवासी माशांना दिले जाते. त्या सर्वांची गरज एकसारखी नाही. वाळूत शिरून राहणारा लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस हा मासा संथ पाण्यातही आढळतो. त्याच्या प्रजातीतील काही मासे पृष्ठभागावरील हवा गिळून आतड्याद्वारे प्राणवायू घेऊ शकतात. यावरून सर्वच लोच मासे काटक असतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दक्षिणेकडील पश्चिम घाटात आढळणारा भवानिया ऑस्ट्रॅलिस हा मासा वेगवान ओढ्यांत खडकाला चिकटून राहतो. त्याचे पोट चपटे असून आडवे पसरलेले पर त्याला पकड देतात. डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात खळाळत्या पाण्यातील प्राण्यांच्या अशा अनुकूलनांचे सविस्तर विवेचन केले आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा मासा म्हणजे अंगावर बारीक पट्टे असलेला बोटिया स्ट्रायाटा. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधील प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याचे वर्णन केले. पश्चिम घाटाशी निगडित असलेला हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदविलेला आहे. कृष्णा नदीतून बालिटोरा लॅटिकॉडा ही नवी जाती तर २०१२ मध्ये वर्णिली गेली. आपल्या नद्यांची ओळख अजून पूर्ण झालेली नाही, हेच यावरून दिसते.

प्रवाहाचे कार्य :
समुद्रसपाटीला संपृक्त अवस्थेतील गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. याउलट तापमान वाढले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. ओढ्यात पाणी सतत उसळत असल्याने प्राणवायूची भरपाई होत राहते. स्थिर टाकीत मात्र तळाशी, म्हणजे नेमक्या लोच माशांच्या वस्तीच्या जागी, ही भरपाई सर्वांत कमी होते आणि विष्ठा व उरलेले अन्नही तेथेच साचते. सारांश, या माशांच्या दृष्टीने प्रवाह ही शोभा नसून त्यांच्या श्वसनाचाच भाग आहे.

टाकीची रचना :
टाकी उंच असण्यापेक्षा लांब असावी. १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर मापाच्या टाकीत वाळू व दगड घातल्यावर साधारणतः २०० लिटर पाणी राहते. नेहमीच्या पद्धतीत पंप एकाच कोपऱ्यातून पाणी घेतो व तेथूनच सोडतो. त्यामुळे पाणी गोल फिरते आणि दूरचे कोपरे निश्चल राहतात. हा दोष टाळण्यासाठी तळावर सुमारे एक इंच व्यासाच्या पीव्हीसी नळ्यांची आयताकृती चौकट ठेवावी. चौकटीच्या एका टोकाला उभ्या नळ्यांवर दोन पॉवरहेड पंप आणि दुसऱ्या टोकाला तशाच नळ्यांवर जाड स्पंज बसवावेत. पंप स्पंजांतून पाणी ओढतात. ते नळ्यांतून वाळूखालून येते आणि वरच्या बाजूने पुन्हा स्पंजांच्या दिशेने फेकले जाते. अशा रीतीने संपूर्ण टाकीत एकाच दिशेचा प्रवाह तयार होतो. स्पंजांमुळे लहान मासे ओढले जात नाहीत व उपयुक्त जिवाणूंना वस्तीसाठी जागा मिळते. सर्व सांधे पाण्याखालीच असल्याने किंचित गळती झाली तरी हानी होत नाही.

तासाला टाकीतील पाण्याच्या किमान दहापट, म्हणजे येथे २००० लिटर पाणी फिरावे. स्पंज व वळणे यांमुळे पंपाची प्रत्यक्ष क्षमता घटते. म्हणून पंप त्याहून मोठ्या क्षमतेचे घ्यावेत.

लोच माशांच्या मिशा व पोट घासले जाऊ नये म्हणून वाळू बारीक आणि गोटे गुळगुळीत असावेत. आपल्याकडील काळा पाषाण सामान्यतः निर्धोक असला तरी त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिक असू शकतात. दगडावर लिंबाचा रस टाकून फेस येतो का, हे पाहावे. फेस आल्यास तो दगड वापरू नये. मोठ्या दगडांच्या आडोशाला संथ पाण्याचे कोपरे ठेवावेत, म्हणजे मासा आपली जागा स्वतः निवडू शकेल. दगडांवर भरपूर प्रकाश पडू द्यावा. त्यावर वाढणारे शेवाळ हे ओढ्यातील अनेक लोच माशांचे खाद्य आहे.

दक्षता :
अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे सोडू नयेत. बोटिया हा समूहप्रिय असल्याने तो एकटा ठेवू नये. त्याच्या डोळ्याखालील काटा जाळीत अडकतो, म्हणून त्याला बरणीने उचलावे. सर्वांत मोठा धोका वीजपुरवठा खंडित होण्याचा आहे. नदी थांबत नाही, टाकी थांबते. उन्हाळी सुटीतील एका दुपारी वीज गेल्यास काही तासांतच सर्व मासे दगावू शकतात. बॅटरीवर चालणारा हवापंप आणि सुटीतही लक्ष ठेवणारी व्यक्ती यांची सोय आधी करावी. मासे त्यानंतर आणावेत.

निष्कर्ष :
नदी-मत्स्यटाकीची रचना कठीण नाही. तिची जबाबदारी मात्र मोठी आहे. संकटग्रस्त जातीचे मासे नदीतून पकडून आणणे टाळावे, स्थानिक विपुल जातींना प्राधान्य द्यावे आणि त्याबाबतचे नियमही आधी तपासावेत. वर्षभर देखभालीची व्यवस्था होणार नसेल, तर टाकी न उभारता विद्यार्थ्यांना ओढ्याकाठी नेऊन तेथेच निरीक्षण करविणे अधिक श्रेयस्कर. अशी टाकी सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र एक गोष्ट पाठांतराशिवाय कळते : २०० लिटर पाणी वाहते ठेवण्यासाठी इतके सायास पडत असतील, तर अडविलेल्या नदीत या माशांचे काय होत असेल?