दैवी जीवनात वाटा: कल्याणच्या खाडीपासून केडगावपर्यंत

मुंबईहून येताना शहाडच्या आधीचं स्टेशन कल्याण. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस इंडिकोप्लुस्टीस याने ‘कल्लियाना’ या बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलं. ते बंदर म्हणजे आपलंच खाडीकाठचं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. हा काळ पोर्तुगीज येण्याच्या हजारएक वर्षं आधीचा. १९८८ साली सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, त्याची उपासनाही पर्शियाच्या त्याच चर्चच्या, म्हणजे पूर्व सिरियाई, घराण्यातली आहे.

या घराण्याला वंदनीय असलेला चौथ्या शतकातला कवी-संत एफ्रेम आणि अलेक्झांड्रियाचा अथनेशियस एकच गोष्ट सांगतात. देव माणूस झाला, तो माणसाला आपल्या जीवनात सामावून घ्यायला. पापांची क्षमा ही फक्त सुरुवात; पुढचं देणं त्याहून मोठं. बायबलमध्ये याला आधार आहे तो पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, देवाच्या स्वभावात सहभागी होण्याच्या वचनात.

मराठी वाचक इथे विचारणारच, मग हे अद्वैत झालं का? शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलासमोर हात जोडणाऱ्यालाही हा प्रश्न परका नाही, कारण देव आणि भक्त एक की दोन, हा वाद संतांच्या घरचाच. ख्रिस्ती उत्तर असं: मीलन खरं, पण निर्माता आणि निर्मिती हा भेद शेवटपर्यंत राहतो. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामासने त्याची नीट मांडणी केली. देवाचं सत्त्व कुणाच्या हाती लागत नाही. त्याची शक्ती, त्याचा प्रकाश मात्र माणसात खरोखर उतरतो. आगीत ठेवलेलं लोखंड लालबुंद होतं, पोळतं, तरी लोखंडच राहतं, हा जुन्या धर्मगुरूंचा दाखला मला अजूनही सर्वांत समर्पक वाटतो.

कॅथलिक मिस्सात हा सगळा सिद्धान्त काही क्षणांत घडताना दिसतो. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसाच्या प्याल्यात पाण्याचे थोडे थेंब घालतात आणि हळू आवाजात प्रार्थना करतात: ज्याने आमचं माणूसपण पत्करलं, त्याच्या दैवीपणात आम्हांला वाटा मिळो. मागच्या बाकांपर्यंत ते शब्द बहुधा पोचतही नाहीत. माझ्या मते ते मोठ्याने म्हणावेत, इतकं त्यांत भरलेलं आहे.

दैवी जीवनात वाटा मिळाला, की पुढचा प्रश्न पूर्णत्वाचा. डोंगरावरच्या प्रवचनात येशू स्वर्गातल्या पित्यासारखं पूर्ण व्हायला सांगतो, तेही शत्रूवर प्रेम करा असं सांगितल्यावर लगेच. म्हणून पूर्णत्वाची कसोटी सिद्धी नव्हे, प्रेम. निसाचा ग्रेगरी म्हणतो की देव अनंत, तेव्हा त्याच्याकडे वाढत जाणं हेच पूर्णत्व. त्याला मुक्काम नाही. जॉन वेस्लीने १७६६च्या पुस्तकात ‘याच जन्मी प्रेमाने पूर्ण होता येतं’ असं मांडलं. या शिकवणीवरून प्रोटेस्टंटांतच वाद झाला. चूक किंवा अज्ञान उरणारच, हे वेस्लीलाही मान्य होतं. हृदय मात्र अविभक्त होऊ शकतं, एवढाच त्याचा आग्रह.

पवित्रतेची ही ओढ महाराष्ट्रात दिसली ती पंडिता रमाबाईंच्या केडगावला. १९०५ साली तिथल्या त्यांच्या ‘मुक्ती’ मिशनमध्ये प्रार्थनेची लाट उठली. पश्चात्तापाने रडलेल्या मुली पुढे टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या. त्या अश्रूंवर पुष्कळ लिहिलं गेलं. मला मोलाचं वाटतं ते तिथलं रोजचं जिणं. दुष्काळातून आणलेल्या, घरादाराला पारख्या झालेल्या स्त्रिया तिथे लिहावाचायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्याच हातून छापलं गेलं. दैवी जीवनातला वाटा म्हणतात तो मला तिथे दिसतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक तीच वाट भक्तीच्या अंगाने चालले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला तुकाराम हा ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल वाटे. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवटच राहिलं होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.