चरबी तोलणारा काटा

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीकरांना काटा समजावून सांगावा लागत नाही. तेरणा कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर चढली, की सगळ्यांची नजर आकड्यावर. मास स्पेक्ट्रोमीटर हाही एक काटाच. फक्त तो रेणू तोलतो, आणि दोन हायड्रोजनचा फरकही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

कर्करोगाच्या गाठीत त्याने काय तोलावं? मूत्रपिंडाच्या एका कर्करोगाचं नावच 'क्लिअर सेल'. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी रिकाम्या दिसतात. खरं तर त्या चरबीने आणि ग्लायकोजेनने गच्च भरलेल्या असतात. तपासणीसाठी गाठीचा मेणाचा ठोकळा करताना अल्कोहोल आणि झायलीन चरबी धुऊन नेतात. म्हणजे नाव पडलं ते धुतल्यावर उरलेल्या पोकळीवरून!

ही चरबी बिनमहत्त्वाची नाही. भराभर दुणावणाऱ्या पेशींना नवी आवरणं लागतात, ती लिपिडांची, म्हणजे स्निग्ध रेणूंची. अनेक गाठी त्यासाठी लागणारी स्निग्धाम्लं स्वतःच तयार करतात, आणि मग लिपिडांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलतं.

ते पाहण्याची एक रीत, 'डेसी', २००४ साली पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने मांडली. गोठवलेल्या गाठीचा दहा-पंधरा मायक्रॉनचा काप काचेवर ठेवायचा आणि त्यावर विद्युतभारित द्रावकाचा बारीक फवारा सोडायचा. उडालेले थेंब लिपिड घेऊन यंत्रात शिरतात. असे ठिपक्यामागून ठिपके. मग एक वस्तुमान निवडलं, की ते लिपिड गाठीत कुठे दाटलंय याचा नकाशा उमटतो. तोच काप नंतर रंगवून पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतो. ही रीत जाणणारे संशोधक भारतातही आहेत: स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड झेअर यांच्याकडे हे काम केलेले शिबदास बॅनर्जी पुढे तिरुपतीच्या आयसर या संस्थेत आले.

धाराशिव जिल्ह्याने कर्करोगाचं मोठं संशोधन आधीच पाहिलंय. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी १९९९ पासून इथल्या गावांतल्या १,३१,७४६ स्त्रियांना एका चाचणी-अभ्यासात घेतलं. २००९ साली निष्कर्ष छापून आले: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात ६४ मृत्यू, एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या जवळपास तेवढ्याच गटात ३४. त्यासाठी नमुना घेणारा ब्रश आणि गावोगाव पोचणारी माणसं पुरली. नमुना तपासायची प्रयोगशाळा बार्शीत होती.

डेसीला मात्र तुकडा कापल्या कापल्या गोठवावा लागतो आणि पुढे उणे ८० अंशांत राखावा लागतो, वीज जावो की राहो. तालुक्याच्या गावात काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडते, तिथून मेणात जाते. काट्याने तोलायची ती चरबी वापरलेल्या झायलीनबरोबर केव्हाच ओतून दिलेली असते.