ऑइल इंजिनाचे पाणी

सिलिंडरमध्ये जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश कामाला येते. जवळजवळ तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते आणि उरलेली सिलिंडरच्या भिंतीतून व हेडमधून बाहेर काढावी लागते. ज्वलनाच्या क्षणी आतला वायू २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. बीड १,२०० अंशांच्या सुमारास वितळते, पिस्टनचे ॲल्युमिनियम तर ६६० अंशांच्याही आधी. पण तिथवर वेळ येतच नाही. लायनर २०० अंशांकडे झुकला की त्यावरचा तेलाचा पातळ थर टिकत नाही, रिंगा चिकटतात आणि पिस्टन जाम होतो. म्हणजे मर्यादा धातूची नसून तेलाची आहे. उष्णता किती काढायची, हे तेलच ठरवते.

वाशीम जिल्ह्यात पैनगंगेच्या आणि अडाणच्या काठी, जिथे विजेची मोटार बसवता येत नाही, तिथे हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायला ऑइल इंजिन लागते. या इंजिनाचा महाराष्ट्रातला इतिहास जुना आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात ऑइल इंजिने बनली. शंतनुराव किर्लोस्करांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. खडकीच्या कारखान्याचे ‘एव्ही-१’ हे मॉडेल या वर्गाचा चांगला नमुना आहे: एकच उभा सिलिंडर, ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, मिनिटाला १,५०० फेरे आणि ५ अश्वशक्ती.

अशा इंजिनाच्या थंडाव्यासाठी पंपसेटवर वापरतात ती पद्धत अगदी साधी. पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एक बारीक नळी काढून सिलिंडरभोवतीच्या जॅकेटला जोडतात. गरम झालेले पाणी हेडमधून दुसऱ्या नळीने बाहेर पडते. रेडिएटर नाही, पंखा नाही, वेगळा पाणीपंप नाही. विहिरीचे पाणीच आधी इंजिनाचे काम करते, मग पिकाचे.

या साधेपणात एक चूक सहज घडते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पूर्ण भारावर हे इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल खाते. त्यातून जॅकेटकडे येणारी उष्णता धरा ३ किलोवॉट. विहिरीचे पाणी २७ अंशांना आत जाऊन ६७ अंशांना बाहेर यायचे असेल, तर मिनिटाला जेमतेम एक लिटर पाणी पुरते. कॉक सगळा उघडून मिनिटाला दहा लिटर सोडले, तर पाणी अवघे चार अंश तापते. बाहेरच्या नळीखाली हात धरला की पाणी गारच लागते, आणि इंजिन छान थंड चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात लायनर गरजेपेक्षा थंड असतो. न जळालेले डिझेल भिंतीवरचे तेल धुऊन खाली नेते, ज्वलनातली वाफ भिंतीवर पाणी होऊन बसते, इंधनातल्या गंधकाचे आम्ल त्यात मिसळते आणि बोअर झिजतो. देशात १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधकाची मर्यादा १० पीपीएम झाल्यापासून आम्लाचा त्रास घटला, पण तेल धुतले जाण्याचा राहिलाच. म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात फार वेळ धरवू नये, इतका कॉक आवळायचा. तापमापक नसला तरी ही खूण चालते.

नळीऐवजी ड्रम वापरला तर पंपाचाही आधार लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन हेडमधून ड्रमच्या वरच्या भागात चढते, थंड पाणी तळातून जॅकेटमध्ये उतरते. अट एकच: ड्रममधली पातळी वरच्या नळीच्या खाली जाता कामा नये, गेली की फेरा तिथेच तुटतो. चिनी बनावटीची आडवी इंजिने याहून सोपी आहेत. त्यांच्या सिलिंडरवर पाण्याचे उघडे भांडे असते आणि त्यात पाणी सरळ उकळू देतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना, तेच पाणी ४० अंशांनी तापवायला लागते त्याच्या तेरापटीहून अधिक उष्णता जाते. तासाला पाचेक लिटर पाणी पुरते. फक्त ते ओतायची आठवण ठेवावी लागते.

पण पाणी नुसते पाणी नसते. वाशीमच्या काळ्या खडकातल्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापले की ते जॅकेटच्या आतून पांढऱ्या खाराच्या रूपाने बसतात. जुने हेड उघडले की पाण्याच्या वाटा या खाराने अरुंद झालेल्या दिसतात. बिडाच्या तुलनेत खार उष्णता पंचवीस-तीस पटींनी कमी वाहून नेतो. एक मिलिमीटर थर म्हणजे जणू अडीच-तीन सेंटिमीटर जास्तीचे बीड. त्या एका मिलिमीटरने भिंतीचे तापमान चाळीस-पन्नास अंशांनी वाढू शकते. कोणीही न आखलेले हे उष्णतारोधन. नळीने सतत नवे पाणी जाते तिथे क्षारही सतत नवे येतात. ड्रममधले तेच पाणी फिरत राहते, त्यामुळे त्यात असतील तेवढे क्षार एकदा बसतात, पुढे फक्त भर घातलेल्या पाण्याचे. खाऱ्या विहिरीवर ड्रम नळीपेक्षा सरस ठरतो तो यामुळे.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात खाराचा प्रश्न नाही. सिलिंडरभोवती पातळ पाती ओतलेली असतात आणि फ्लायव्हीलचा पंखा पत्र्याच्या आवरणातून त्यांच्यावर वारा सोडतो. हवा पाण्याच्या मानाने फारच कमी उष्णता उचलते, म्हणून पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढवावा लागतो. तो वाढतो, पण पातींमधली फट बुजली की सगळे व्यर्थ. सोयाबीनच्या मळणीत उडणारे कुटार आणि तेलकट धूळ मिळून तिथे लगदा होतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरची जाळीही याच हंगामात अशीच बुजते. पत्र्याचे आवरण दोन बोल्टांत निघेल असे ठेवणे ही रचनेतली छोटी गोष्ट, पण कुटारात चालणाऱ्या इंजिनाला तिचाच मोठा आधार असतो.

उष्णता बाहेर काढायचीच कशाला, आतच कोंडावी, असाही विचार झाला. अमेरिकन सैन्यासाठी कमिन्स कंपनीने १९८० च्या सुमारास सिरॅमिकचा आधार घेत पाण्याच्या थंडाव्याशिवाय चालणारे ट्रकचे इंजिन बनवून चालवले. अडचण अशी, की कोंडलेली उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी बहुतांशी धुराबरोबर निघून जाते. शिवाय सतत तापलेली भिंत आत येणारी हवा फुगवते, त्यामुळे सिलिंडरमध्ये हवा कमी मावते. टोयोटाने २०१५ मध्ये २.८ लिटरच्या डिझेल इंजिनाच्या पिस्टनवर सच्छिद्र सिलिकायुक्त थर दिला. तो इतका पातळ की ज्वलनाच्या वेळी पटकन तापतो आणि हवा आत येताना पटकन निवतो. ही युक्ती पटणारी आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हेच प्रयोग किर्लोस्करच्या एका सिलिंडरच्या इंजिनांवर होत आले आहेत. पिस्टनच्या डोक्यावर, हेडच्या आतल्या बाजूस आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर झिर्कोनियाचा सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा थर फवारतात. लायनरवर, जिथे रिंगा तेलावर घसरतात, तिथे मात्र भिंत तेलाला सोसेल इतकी थंड ठेवावीच लागते, म्हणून अशा इंजिनालाही सहसा पाण्याची नळी जोडलेलीच असते.