‘हार्डली’ आजारी आजी



सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका चाळताना आठवीतील एका विद्यार्थिनीचा इंग्रजी निबंध आमच्या हाती आला. विषय नेहमीचाच, सुट्टीचा. तिने लिहिले होते, ‘माय ग्रँडमदर वॉज हार्डली इल.’ पुढचे वाक्य, ‘वी वेअर टू हॅपी व्हेन शी बिकेम वेल.’ दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ होती आणि गुण कापले होते. चूक काय, ते मात्र लिहिलेले नव्हते.

मुलीला आम्ही बोलावून घेतले. ती म्हणाली, “सर, हार्ड म्हणजे कडक, जोराचा. मग हार्डली म्हणजे जोरात ना? आजी खूपच आजारी होती.” तिचा तर्क चोख होता. ‘क्विक’वरून ‘क्विकली’, ‘लाउड’वरून ‘लाउडली’ असे आपणच तिला शिकवले. पण तिने लिहिलेल्या वाक्याचा अर्थ होतो, ‘माझी आजी आजारी अशी फारशी नव्हतीच.’ घरातली मोठी काळजी एका शब्दाने नाहीशी झाली.

आम्हाला खरी चिंता वाटली ती पुढे. त्या रेघेनंतरच्या तिच्या वहीत आम्हाला सगळीकडे एकच शब्द दिसला, ‘व्हेरी’. व्हेरी गुड, व्हेरी बिग, व्हेरी सॅड. चुकण्यापेक्षा एकाच शब्दाला धरून बसलेले बरे, असे तिने ठरवलेले दिसले. आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांचे इंग्रजी चुकते त्याहून जास्त ते आखडते. म्हणून या अंकात व्याकरणाचा हा एक छोटा कोपरा जरा उलगडून सांगतो. पालकांनीही वाचावे, अवघड काही नाही.

प्रथम क्रियापद पाहू. ‘गणपतने दार उघडले’ यात काम घडले. ‘पाणी खोल होते’ यात काम काहीच घडले नाही. ‘होते’ हा शब्द पाणी आणि खोल यांना जोडतो, एवढेच. इंग्रजीत अशा क्रियापदाला लिंकिंग व्हर्ब म्हणतात, आपण जोडणारे क्रियापद म्हणू. भूतकाळात ‘वॉज’ आणि ‘वेअर’ ही त्यातली मुख्य. त्यांच्या जोडीला ‘लुक्ड’, ‘सीम्ड’, ‘फेल्ट’, ‘टेस्टेड’, ‘स्मेल्ड’, ‘बिकेम’ ही येतात.

मुलांना वाटते, हा इंग्रजीचा काही खास प्रकार आहे. तसे नाही. दिसणे, वाटणे, लागणे, होणे ही आपली क्रियापदे हेच काम करतात. डोंगर हिरवा दिसला, भिंत हिरवी दिसली, शेत हिरवे दिसले. चहा फिका लागला, आमटी फिकी लागली. इथे हिरवा, फिका हे शब्द नामाप्रमाणे बदलतात, म्हणजे ती विशेषणे आहेत आणि ती डोंगराबद्दल, चहाबद्दल सांगतात. दिसण्याबद्दल किंवा लागण्याबद्दल नव्हे. ‘शेत हिरवेपणाने दिसले’ असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मग ‘द फील्ड लुक्ड ग्रीन’ हेच बरोबर आणि ‘द मिल्क स्मेल्ड बॅड’ हेही बरोबर. तिथे ‘बॅडली’ आले, की दुधाला नाक फुटले आणि त्याला नीट वास घेता येत नाही, असा अर्थ व्हायचा!

मात्र यातली काही क्रियापदे दुहेरी आहेत. ‘द टीचर लुक्ड अँग्री’ म्हणजे गुरुजी रागावलेले दिसले. ‘द टीचर लुक्ड अँग्रिली ॲट द डोअर’ म्हणजे गुरुजींनी दाराकडे रागाने पाहिले. ओळखायची युक्ती सोपी आहे. क्रियापद काढून तिथे ‘वॉज’ घालून पाहावे. ‘द टीचर वॉज अँग्री’ हे वाक्य उभे राहते, म्हणून पहिले क्रियापद जोडणारे. दुसऱ्या वाक्यात ‘वॉज’ घातले तर वाक्य कोसळते. एक सावधगिरी: ‘वॉज’ बदली म्हणून घालायचा, जोडीला नव्हे. ‘शी वॉज लुक्ड टायर्ड’ असे वाक्य आम्हाला दर परीक्षेत भेटते.

आता हिरवे कितपत हिरवे, आजारी कितपत आजारी, हे सांगायचे असेल तर विशेषणाच्या आधी आणखी एक शब्द लागतो. तो शब्द क्रियाविशेषण. नावात क्रिया असली तरी इथे तो क्रियेला शिवत नाही, विशेषणाला चिकटतो. नावामुळेच मुलांचा गोंधळ होतो, त्यात त्यांचा दोष नाही.

मराठीत असे काही शब्द न बदलणारे आहेत: फार, खूप, अगदी, अतिशय. पण काही बदलतात, आणि हे आपण कधी ध्यानात घेत नाही. भलताच उंच माड, भलतीच उंच भिंत, भलतेच उंच झाड. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. त्या भाषेतही ‘बड़ा अच्छा लड़का’ आणि ‘बड़ी अच्छी लड़की’ असेच चालते. इंग्रजीत मात्र हा शब्द लिंग, वचन, काळ यांपैकी कशानेही हलत नाही. ‘द रिव्हर इज डेंजरसली फुल’ याचे कालचे वाक्य करायचे तर ‘इज’चा ‘वॉज’ करावा, बाकी सारे जागच्या जागी. बदल फक्त एक होतो: विशेषणापासून तयार केलेल्या शब्दाला बहुधा ‘ली’ लागते. डेंजरस हे विशेषण, डेंजरसली हे क्रियाविशेषण.

आपल्याच आजूबाजूची वाक्ये घेऊ. पावसात हरवळ्याचा धबधबा पाहिला असेल, तर ‘द वॉटरफॉल वॉज डेफनिंगली लाउड’, कान बधिर होतील इतका. हरमलची मिरची घातलेली आमटी? ‘द करी टेस्टेड अनबेअरेबली हॉट.’ मये तलावावर पहाटे गेलात तर ‘द लेक लुक्ड परफेक्टली स्टिल.’ रात्रभर दशावतार पाहून आलेली मुले? ‘द चिल्ड्रन सीम्ड स्ट्रेंजली फ्रेश’, कारण वर्गात मात्र ती पेंगतात! या प्रत्येक जागी ‘व्हेरी’ घालून पाहा. वाक्य चुकत नाही, पण पाहिलेले काही त्यात उरत नाही.

जाता जाता एक गंमत. ‘व्हेरी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘खरा’. आपण ‘खरेच सुंदर’ म्हणतो, तसाच. वापरून वापरून त्यातला खरेपणा झिजला आणि नुसते ‘फार’ उरले.

आता आजीच्या ‘हार्डली’कडे वळू. ‘हार्ड’ म्हणजे कठीणही. हिंदीत ‘मुश्किल से दस लोग आए’ म्हटले, तर अर्थ होतो जेमतेम दहा माणसे आली. ‘हार्डली’ने हीच वाट धरली. पूर्वी त्याचा अर्थ जोराने, कष्टाने असा होता. कष्टाने वरून मुश्किलीने आणि मुश्किलीने वरून जेमतेम, जवळजवळ नाहीच. म्हणजे त्या मुलीचा तर्क काही शतके उशिरा आला, इतकेच. ‘लेट’ आणि ‘लेटली’, ‘नियर’ आणि ‘नियरली’ यांचेही असेच नाते तुटलेले आहे. आजीसाठी योग्य शब्द होता ‘सीरियसली’. ‘माय ग्रँडमदर वॉज सीरियसली इल.’

तरुणपणी आम्ही स्वतः एका कार्यालयात रजेचा अर्ज ‘आय वॉज हार्डली सिक’ असा दिला होता. तिथल्या गृहस्थांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. पुढे बरेच दिवस आम्ही अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेत असू. त्यामुळे या मुलीचे दुःख आम्हाला चांगलेच कळते.

दुसऱ्या वाक्यातला ‘टू’ याहून फसवा आहे, कारण तो मोठ्यांच्या तोंडीही असतो. ‘टू’ म्हणजे फार नव्हे, तर हवे त्यापेक्षा जास्त. ‘द टी वॉज टू स्वीट’ म्हणजे चहा इतका गोड की पिववेना. त्याच्यापुढे ‘टु’ आणि क्रियापद आले की अर्थ नकाराकडे झुकतो: ‘ही वॉज टू टायर्ड टु वॉक’, इतका दमला की चालवेना. आता लग्नाच्या शुभेच्छापत्रात कोणी ‘वी वेअर टू हॅपी टु अटेंड’ लिहिले, तर त्याचा सरळ अर्थ आनंद इतका झाला की येताच आले नाही! आनंद व्यक्त करायचा तर ‘सो हॅपी’ किंवा ‘एक्स्ट्रीमली हॅपी’ लिहावे.

जागेबद्दल एकच अपवाद ध्यानात ठेवावा. हा शब्द विशेषणाच्या लगेच आधी येतो, पण ‘इनफ’ नंतर येतो. आपण ‘पाणी पुरेसे खोल होते’ म्हणतो. इंग्रजीत ‘द वॉटर वॉज डीप इनफ’. नामाबरोबर मात्र तो पुन्हा पुढे जातो, ‘इनफ वॉटर’. असे का, याचे समाधानकारक उत्तर विद्यार्थ्यांना देणे आम्हाला अजून जमलेले नाही.

आणखी थोडे. ‘व्हेरी एक्सलंट’ लिहू नये. ‘फार सर्वोत्तम’ आपण तरी कुठे म्हणतो? तिथे ‘अब्सोल्यूटली’ चालते. क्रियापदापासून झालेल्या कित्येक विशेषणांचे सोबती ठरलेले असतात: खनिजाचा ट्रक ‘हेविली लोडेड’, वादळात छप्पर ‘बॅडली डॅमेज्ड’. हे पाठ करण्यापेक्षा वाचनातून कानात बसवावे. आणि शेवटी ‘ली’ दिसली म्हणजे क्रियाविशेषणच, असेही नाही. फ्रेंडली, लोनली, लव्हली ही विशेषणे आहेत. त्यांच्या आधी वेगळा शब्द लावता येतो: ‘द डॉग वॉज अनयूज्वली फ्रेंडली.’

इंग्रजीच्या शिक्षकांशी आमचे बोलणे झाले आहे. यापुढे लाल रेघेशेजारी योग्य शब्दही लिहिला जाईल, आणि ‘व्हेरी’ टाळून नवा शब्द वापरताना झालेल्या चुकीला सहामाहीत गुण कापले जाणार नाहीत. वार्षिक परीक्षेबद्दल अजून एकमत झालेले नाही.

सरावासाठी पाच वाक्ये देतो. यांचे इंग्रजी करावे, ‘व्हेरी’ न वापरता: तेरेखोल नदीचे पाणी धोकादायक इतके वर आले होते. काजूचा बोंडू कमालीचा रसाळ लागला. जत्रेतला रस्ता जेमतेम रुंद होता. बाबांचा आवाज विलक्षण शांत वाटला. होडी आमच्यासाठी पुरेशी मोठी नव्हती. उत्तरे येत्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पालकांनी पाठवली तर तीही आम्ही तपासू.