करुणाक्लांती

करुणाक्लांती : दुसऱ्यांच्या यातना वारंवार निकटून पाहाव्या लागल्याने मदत करणाऱ्याच्या ठिकाणी येणारी भावनिक बधिरता. रुग्णवाहिका, अपघात विभाग, पोलीस व अग्निशमन दल यांतील कर्मचाऱ्यांत ती विशेषत्वाने आढळते. निद्रानाश, चिडचिड व रुग्णाविषयी तुच्छतेचे उद्गार ही तिची लक्षणे होत. परिचारिकांच्या संदर्भात ही संज्ञा कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये वापरली. पुढे चार्ल्स फिग्ली यांच्या लेखनाने ती रूढ झाली. तिच्याशी निकट असलेल्या, अतिकामाने येणाऱ्या मानसिक शिणाचे हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. ते त्यांनी न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात व्यसनी रुग्णांसाठी राबणाऱ्या सहकाऱ्यांवरून केले होते.

व्यसनी रुग्णाच्या बाबतीत ही क्लांती लवकर येते, कारण तोच मनुष्य पुनःपुन्हा आणला जातो. मुंबई–पुणे रस्ते आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग जेथे मिळतात, त्या पनवेलसारख्या ठिकाणी अपघातग्रस्त आणि मद्यपी एकाच खाटेवर येऊ शकतात. पुष्कळदा ती एकच व्यक्ती असते. श्वासाला दारूचा वास आला, की बेशुद्धीचे कारण सापडले असे थकलेल्या मनाला वाटते. कवटीतील रक्तस्राव किंवा रक्तातील साखरेची घट मात्र तशीच राहून जाते. अशी चूक निष्ठुरतेमुळे होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. तातडीच्या सेवेतील कर्मचाऱ्याला व्यसन पुन्हा जडलेलेच तेवढे दिसतात. सुटलेले त्याच्याकडे परत येत नाहीत.

समाजाची दृष्टीही द्विधा आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने सेवन हा गुन्हा ठरविला. तथापि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही पुढे त्यात आली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्ये यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला. बोलीतला ‘बेवडा’ हा शब्द मात्र कायद्याने बदलत नाही, व तो रुग्णालयाच्या दाराबाहेर थांबतो असेही नाही.

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. डॉ. सुनंदा (अनिता) व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ते येरवड्यास सुरू केले. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचे असून त्यांनंतर पाठपुरावा केला जातो. व्यसन पुन्हा जडणे हा आजाराचाच भाग मानला जात असल्याने परतलेल्या रुग्णाची निर्भर्त्सना होत नाही. व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तेथेच कार्यकर्ते झाले. त्यामुळे नव्या रुग्णाची सेवा करणाऱ्याला बरा झालेला मनुष्य शेजारीच काम करताना दिसतो. रुग्णवाहिकेवरील डॉक्टरला किंवा चालकाला, आपण पोहोचविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे कळविण्याची व्यवस्था सहसा नसते.