घरचा गूळ आणि फोनवरचे दुकान



गुळाचे रवे गाडीत घालून बाजारात गेलेला शेतकरी भाव विचारतो, सांगत नाही. भाव सांगणारा दुसराच असतो. ऊस आपला, सरपण आपले, रात्रीचे जागरण आपले; आणि किंमत मात्र परक्याच्या तोंडची. म्हणूनच घरातली मुले हातातला फोन दाखवून म्हणू लागली आहेत, "बाबा, आपण इथूनच विकूया की!" बेळगाव-खानापूरकडे गूळ आणि काजूगर, गोव्यात कोकम, मिरची आणि घरचे मसाले, अशा कितीतरी जिनसांची विक्री आता या वाटेने होत आहे.

मुलांचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. फोनवर दुकान उघडायला एक दुपार पुरते. ते दुकान तोट्यात न घालता चालवायला मात्र शिकावे लागते. जाहिरात हा त्या शिक्षणातला शेवटचा धडा आहे आणि बहुतेक लोक नेमके तिथूनच सुरुवात करतात. त्यासाठीच हा लेख क्रमाने लिहिला आहे.

दुरून माल मागवणे आपल्याला अगदी नवे नाही. टपाल खात्याने 1877 साली व्ही.पी.ची पद्धत सुरू केली. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून आपल्या वडीलधाऱ्यांनी घड्याळे, बियाणे आणि पुस्तके मागवली. पोस्टमन दारात आला की पैसे मोजायचे आणि पुडके घ्यायचे. गिऱ्हाइकाची शंका तेव्हा होती तीच आज आहे: न पाहिलेल्या माणसाचा न पाहिलेला माल कसा निघेल? फोनवरच्या दुकानाचे सारे काम या एका शंकेचे उत्तर देण्याचे आहे.

पहिला धडा : एकच जिन्नस

आरंभी एकच जिन्नस निवडावी, आणि तीही आपल्या हातची. गूळ, काकवी, लोणची, पापड, शेवया असे सगळे एकदम मांडले की कशातच हात बसत नाही.

जिन्नस निवडताना वजन आणि किंमत यांचा मेळ पाहावा. काजूगर, सुकी मिरची, आमसुले या वस्तू हलक्या व मोलाच्या. त्यांना टपालाचा खर्च सोसतो. गूळ जड आणि त्या मानाने स्वस्त. काकवी पातळ, बाटली फुटली तर सगळे पार्सल चिकट होते व सोबतच्या दुसऱ्यांच्या मालाचेही नुकसान होते. शिवाय गूळ हवेतला दमटपणा ओढून घेतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कोरड्या जागी, घट्ट बंद जाड पिशवीत ठेवला नाही तर त्याला पाणी सुटते.

मग गूळ विकायचाच नाही काय? जरूर विकावा, पण जवळच्या शहरात. एका वसाहतीतल्या दहा घरांची मागणी एकत्र करून आठवड्यातून एकदा बसच्या पार्सल सेवेने किंवा स्वतः नेऊन पोचवावा. दूरच्या गिऱ्हाइकाला एक-दोन किलो पाठवण्यात फायदा क्वचितच उरतो.

दुसरा धडा : वहीतला हिशेब

समजा, पाच किलो गुळाचे पार्सल परगावी पाठवायचे आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपले आकडे आपण घालावेत.

गूळ, किलोला 60 रुपयांप्रमाणे : 300 रुपये
पिशव्या, लेबले, पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टी : 60 रुपये
टपाल किंवा कुरिअर : 200 रुपये
भरण्याची व पोचवण्याची आपली मजुरी : 40 रुपये

एकूण 600 रुपये, म्हणजे किलोला 120 रुपये पडले. बाजारात 60 मिळतात, आम्ही 110 ने विकतो, असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात दर पार्सलमागे 50 रुपये पदरचे घालत असतो आणि त्याला ते कळतही नाही. घरच्या माणसांची मजुरी फुकट धरणे ही आपली जुनी खोड. ती मजुरी मांडल्याशिवाय किंमत ठरवू नये. शंभरातली काही पार्सले फुटणार, काही परत येणार, हेही किमतीत धरावे.

तिसरा धडा : कागदपत्रे

शेतातला माल शेतकऱ्याच्या हातात आहे त्या स्वरूपात असेपर्यंत 2006 चा अन्नसुरक्षा कायदा त्याला लागू होत नाही. परंतु गूळ, लोणचे, मसाला हे तयार केलेले अन्न. ते विकणाऱ्या लहान घरालाही एफ.एस.एस.ए.आय.ची नोंदणी लागते. नोंदणीचा क्रमांक 14 आकडी असतो व तो लेबलावर छापावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. तो स्वतः भरता येत नसेल तर भरून देणाऱ्याकडून फीची पावती अवश्य घ्यावी.

पाकिटावर पुढील गोष्टी असाव्यात: जिनसेचे नाव, त्यातले घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, केव्हापर्यंत वापरावे, सर्व करांसह किंमत, करणाऱ्याचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहारी मालासाठी हिरवे चिन्ह. लेबल साधे चालेल. पण वाचता येईल असे हवे.

सीमाभागातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेला गूळ वस्तू व सेवा कराखाली आला आहे. सुटा गूळ त्यातून मोकळा आहे. आपल्या राज्यात थोडी विक्री असेल तर कराची नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की विक्री कितीही लहान असो, नोंदणी करावी लागते. आपल्याला कोल्हापूर, चंदगड, सावंतवाडी, पणजी ही शेजारची गावे. कायद्याला ती परराज्ये. नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्याला मोठ्या ऑनलाइन कंपन्यांमार्फत माल विकण्याची मुभा 1 ऑक्टोबर 2023 पासून मिळाली, तीही आपल्या राज्यापुरतीच. म्हणून राज्याबाहेर पाकीट धाडण्यापूर्वी कर सल्लागाराला एकदा भेटावे. त्याची फी दंडापेक्षा कमी असते.

चौथा धडा : दुकान मांडणे

सुरुवातीला वेबसाइटवर पैसे घालण्याचे कारण नाही. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट मिळते. त्यात आपले नाव, गाव, विक्रीची वेळ, मालाची छायाचित्रे व किमती मांडून ठेवता येतात. दुकानासाठी वेगळा नंबर घ्यावा. घरचा आणि धंद्याचा निरोप एकत्र झाला की दोन्ही हरवतात.

छायाचित्र सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, स्वच्छ कापडावर माल ठेवून काढावे. शेजारी चमचा किंवा वाटी ठेवली की आकार समजतो. दुसऱ्याचे चित्र उचलून लावू नये. चित्रात पिवळाधमक गूळ आणि पार्सलात तांबडा निघाला, की ते गिऱ्हाईक गेले व त्याच्याबरोबर त्याचे शेजारीही गेले.

पाचवा धडा : जाहिरात

आता जाहिरातीकडे वळू. प्रथम ओळखीच्या वीस घरांना माल द्यावा: शहरात राहणारी भावंडे, मुलांचे शिक्षक, बँकेतले लोक. तोही फुकट नको, रास्त किमतीने. महिन्याने त्यांना विचारावे, "काय आवडले, काय नाही?" त्यांनी पुन्हा मागवला तर माल चांगला समजावा. न मागवला तर जाहिरातीने तो चांगला होणार नाही.

जाहिरातीचे दोन नमुने पाहा.

पहिला : "शंभर टक्के शुद्ध, सर्वोत्तम कोल्हापुरी गूळ! मधुमेहावर रामबाण! रक्त शुद्ध करतो! त्वरा करा!"

दुसरा : "आमच्या उसाचा, आमच्या गुऱ्हाळातला या महिन्याचा गूळ. हायड्रोस घातलेला नाही, म्हणून रंग गडद तांबूस आहे. एक किलोचे पाकीट, किंमत अमुक. शनिवारपर्यंत मागणी नोंदवा, मंगळवारी पोचेल. माल खराब निघाल्यास दोन दिवसांत फोटो पाठवा, पैसे परत करू."

पहिल्या जाहिरातीत आवाज मोठा आहे, माहिती काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे ती कायद्यात सापडते. मधुमेहासारखा रोग बरा करण्याची जाहिरात करण्यास 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायद्याने बंदी आहे. अन्नाच्या फसव्या जाहिरातीला 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आरोग्याच्या दृष्टीने तर हा दावा सरळ घातक ठरतो. गूळ ही मुख्यतः साखरच. तो खाल्ल्याने मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर वाढते. आपल्या चार शब्दांवर विसंबून कुणी आजारी माणसाने पथ्य मोडले, तर त्याची भरपाई कोणत्या नफ्यातून करणार?

नावाचेही तसेच आहे. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. काणकोणच्या खोला मिरचीला ते 2020 साली मिळाले. ही नावे त्या त्या प्रदेशातल्या मालाची आहेत. खानापूरचा गूळ खानापूरचाच म्हणून विकावा. आपल्या गावाचे नाव मोठे करायची ही संधी आहे, ती दुसऱ्याच्या नावाखाली झाकू नये.

दुसऱ्या जाहिरातीतली रंगाची ओळ लक्षात घ्या. शहरातल्या गिऱ्हाइकाला पिवळा गूळ म्हणजे चांगला गूळ असे वाटते. उकळत्या काहिलीत हायड्रोस टाकल्याने तो फिकट रंग येतो. रानभेंडीच्या रसाने मळी काढून केलेला गूळ गडद राहतो. बाजारात ज्या रंगामुळे भाव पडतो, त्या रंगाचे कारण समजावून सांगणे हीच आपली जाहिरात होय. फोनवरच्या दुकानाचा शेतकऱ्याला खरा लाभ हा, की गिऱ्हाइकाशी स्वतःच्या तोंडाने बोलता येते. मात्र हायड्रोस खरोखरच वापरलेले नसावे.

निरोप पाठवण्याबाबत दोन सूचना. प्रसारण यादीतून पाठवलेला निरोप, आपला नंबर ज्यांनी फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून पहिल्या विक्रीच्या वेळीच नंबर साठवण्याची विनंती करावी. आणि विचारल्याशिवाय कुणाला समूहात ओढू नये. आठवड्याला एक निरोप पुरे.

फेसबुक, इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात करता येते. गाव, अंतर आणि रोजचा खर्च आपणच ठरवू शकतो. पण मोजमाप ठेवावे. समजा, 500 रुपये खर्चून 40 जणांनी चौकशी केली आणि चौघांनी माल घेतला. तर एका गिऱ्हाइकामागे 125 रुपये गेले. पार्सलमागे नफा 60 असेल तर पहिल्या खेपेला 65 रुपये तोटा. तेच गिऱ्हाईक पुन्हा तीनदा आले तर जाहिरात फळली, नाहीतर थांबवावी. नव्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "आमची माहिती कुठे मिळाली?" हे विचारून वहीत लिहावे.

सहावा धडा : पैसे सांभाळणे

ऑनलाइन पैसे घेताना कष्टाची शिल्लक एका क्षणात जाऊ शकते. ठग मोठी मागणी नोंदवतो, घासाघीस करत नाही, माल पाहायलाही मागत नाही. मग म्हणतो, "आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यू.आर. स्कॅन करून पिन टाका." इथेच थांबावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

पैसे भरल्याचे नुसते चित्र दाखवले म्हणून माल सोडू नये. खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः पाहावी. धंद्याचे खाते वेगळे ठेवावे व त्यात फार शिल्लक ठेवू नये. तरीही फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

शिकायचे कुठे?

जिल्ह्याच्या ठिकाणी बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असतात. तेथे ग्रामीण तरुणांना फुकट शिक्षण मिळते. या कल्पनेचा उगम कर्नाटकातच, उजिरे येथे 1982 साली झाला. माल टिकवणे व भरणे यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे. गोव्यातल्या वाचकांना जुन्या गोव्याचे केंद्र जवळ आहे. स्वयंसाहाय्य गटातल्या भगिनींनी मिळून एकच नोंदणी आणि एकच दुकान केले तर खर्च वाटला जातो.

घरातही कामाची वाटणी करता येते. फोन मुलीने सांभाळावा, माल आईने पारखावा, हिशेब वडिलांनी लिहावा. ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवावे. कारण मुलगी सासरी गेली किंवा मुलगा नोकरीला लागला की दुकान बंद पडता कामा नये.

आणि बाजार एकदम सोडू नये. पहिल्या वर्षी दहातला एक रवा फोनवरून विकून पाहावा, बाकीचे नऊ नेहमीच्या पेढीवर जाऊ द्यावेत. हंगामाच्या शेवटी वही उघडून बसावे. त्या एका रव्याने सर्व खर्च जाऊन किती दिले आणि पेढीवर त्याला किती मिळाले असते, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. पुढच्या वर्षी किती रवे फोनवर विकायचे हे ती वही सांगेल.

गुऱ्हाळ पेटायला अजून अवकाश असेल, तर वही मात्र आजच घ्यावी.